औनीला कळू नयेत असे शब्द

रविवार, ७ सप्टेंबर

मुंधिर आज कुवेतला परत गेला. एकुलता एक मुलगा, इंजिनिअर, रजा संपली, काय करणार. जाताना सगळं माझ्या गळ्यात घालून गेला.

"यम्मा, पुढच्या वेळी हॉस्पिटलात याबांबरोबर तू जायचंस. डॉक्टर रम्झी इंग्रजीत बोलतील. तू नीट ऐकायचं, त्यांना उत्तर द्यायचं आणि मला फोनवर कळवायचं."

"मला काय कळणार? मी दहावीत शाळा सोडली."

"मग शिक."

एवढं म्हणाला आणि बॅग उचलली. 'मग शिक.' जसं काही भेंडी चिरून ठेव म्हणाला.

उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याच्या, औनीच्या, पोटात दुखायला लागलं. अम्मानच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या आणि तो आजार निघाला. त्याचं नाव आमच्याकडे कुणी तोंडाने घेत नाही. ज्याला झालाय त्याला तर नाहीच सांगत. माझ्या मावशीला कुणीतरी शहाणपणा करून सांगितलं आणि ती अंथरुणाला खिळली ती उठलीच नाही. औनीला आम्ही सांगितलंय की यकृताला सूज आहे आणि ते सलाइन सुजेवरचं आहे. मुंधिर आणि डॉक्टर त्याच्यासमोर इंग्रजीत बोलायचे, औनी मधे बसून भिंतीकडे बघायचा. एकदा डॉक्टरांनी मुंधिरला बाहेर बोलावलं, तर घरी येईपर्यंत औनी एकच विचारत होता, "बाहेर काय म्हणाले?" तेव्हापासून बाहेर बोलावणं बंद. जे बोलायचं ते त्याच्यासमोर, पण त्याला कळू न देता.

मुंधिर त्याला याबा म्हणतो, चारचौघांत मी अबू मुंधिर, म्हणजे मुंधिरचा बाप, म्हणते. इथे औनीच लिहीन. इथे कुणी चारचौघं नाहीत.

बघतेच शिकून. पन्नाशी उलटली म्हणून डोक्याला काही कुलूप लागत नाही.

मंगळवार, ९ सप्टेंबर

मिस नुहादकडे गेले. शाळेत त्यांनीच मला इंग्रजी शिकवलं होतं. आता काठी घेऊन चालतात, पण सिगारेट आणि जीभ दोन्ही अजून तशाच. मी सगळं सांगितलं. त्यांनी कॉफी ओतली आणि सिगारेट पेटवली.

"लोक माझ्याकडे बोलता यावं म्हणून शिकायला यायचे, विसाल. तू लपवता यावं म्हणून आलीस."

"मिस, शिकवणार का ते सांगा."

"शिकवीन. पण नुसते हॉस्पिटलचे शब्द मागशील तर नाही. अवघड शब्द म्हणजे सगळे अवघड शब्द. दिवसाला दहा, आणि प्रत्येकाचं वाक्य करायचं."

पहिल्या दिवसाच्या दहांतले तीन: रिलक्टंट, म्हणजे मनातून तयार नसलेला. कँडिड, म्हणजे आडपडदा न ठेवता बोलणारा. मेटिक्युलस, म्हणजे बारीकसारीक गोष्टीत चुकणार नाही असा. घरी येईपर्यंत दोन विसरले होते. चढावर थांबून परत आठवले आणि मगच पुढे चालले.

रविवार, १४ सप्टेंबर

मी जाड कागदाचे पत्ते कापून घेतले. एका बाजूला इंग्रजी शब्द, मागची बाजू कोरी. अर्थ लिहायची सोय नाही, कारण औनीच्या नजरेला पडले तर संपलंच. शब्द नुसता दिसला तर हरकत नाही. त्याला मोटारीच्या कागदपत्रांमुळे इंग्रजी अक्षरं लावता येतात, अर्थ येत नाही.

आणि नजरेला पडलेच. दुपारी झोपून उठला तर मी पत्ते पसरून बसलेली.

"हे काय, उम्म मुंधिर? पत्त्यांचा डाव मांडलास?"

मी आधीच ठरवलेलं सांगितलं, की आमच्या महिला मंडळाचं भरतकाम घ्यायला परदेशी बाया येतात, त्यांच्याशी चांगलं इंग्रजी बोलणारी कुणीतरी हवी आहे. एवढं खोटं एका दमात मी लग्नात सासूबाईंच्या स्वयंपाकाचं कौतुक केलं तेव्हाच बोलले असेन.

औनी समोर बसला आणि सगळे पत्ते गोळा करून हातात घेतले. "असं एकटीने काही येत नाही. विचारणारा पाहिजे." त्याने आयुष्यभर आमच्या सॉल्ट गावाच्या या उभ्या चढांवर लोकांना गाडी शिकवली. समोरच्याला काही येत नसलं की त्याला हुरूप येतो.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

नमाजानंतर आमची परीक्षा झाली. तो अक्षरं लावत शब्द वाचतो, मी अर्थ सांगते. साधे शब्द खरे सांगते. आजाराचे आले की तोंडाला येईल ते.

"मॅ-लिग्-नंट."

खरा अर्थ घातक, आतून पोखरत जाणारं. मी म्हणाले, "हट्टी. कुणाचं न ऐकणारा."

"म्हणजे तुझा भाऊ." त्याने पत्ता खाली ठेवला. "मे-टा-स्टॅ-सिस. बापरे, केवढा लांब."

खरा अर्थ आजार एका अवयवातून उठून दुसऱ्यात जाऊन बसणं. मी म्हणाले, "बिऱ्हाड बदलणं."

"कुठून कुठे?"

"कुठूनही कुठेही. शब्द आहे नुसता."

त्याने पत्ता उलटून मागची कोरी बाजू बघितली आणि परत सरळ केला. "हा नीट पाठ कर. भरतकाम घ्यायला आलेल्या बायका आधी बिऱ्हाडाचंच विचारत असतील."

मी एवढी हसले की डोळ्यांत पाणी आलं. तोही हसला. मग म्हणाला दमलोय, आणि आत जाऊन पडला. त्याला काही कळत नाही हे किती बरं आहे, असं वाटलं आणि त्याच वेळी फार वाईटही वाटलं. दोन्ही खरं.

गुरुवार, २५ सप्टेंबर

याला नवीनच खूळ. मला गाडी शिकवायची म्हणतो. लग्न झाल्यापासून मी कितीदा म्हटलं, तेव्हा "तुला कुठे जायचंय, मी आहे ना" म्हणायचा. आता मी साठीकडे निघाले तर याला उमाळा आला.

गाडी त्याचीच जुनी शिकवणीची, शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असलेली. भाजीबाजाराच्या मागच्या मोकळ्या जागेत नेलं. मी क्लच सोडला की गाडी उडी मारायची.

"हळू सोड. तो काय गरम तवा आहे?"

"मला नाही जमायचं, अबू मुंधिर. घरी चला."

"तुझ्यापेक्षा मठ्ठ माणसं माझ्या हाताखालून गेली. एक जण आता बस चालवतो."

गाडी गिअरमध्ये टाकत असताना मधेच शब्द विचारतो. चढावर हँडब्रेक ओढलेला, मागे ट्रकवाला हॉर्न देतोय, आणि हा शांतपणे विचारतो, "ऑब्स्टिनेट?" मी म्हणाले, "तुम्ही." अर्थ बरोबर होता, हटवादी. तो खूश झाला.

त्याला दुसरं काही करण्यासारखं उरलं नाही, म्हणून वेळ घालवतोय बिचारा. घालवू दे.

सोमवार, २९ सप्टेंबर

आज पहिल्यांदा मी एकटी त्याला घेऊन गेले. इमारतीच्या दारावर त्या आजाराच्या नावाची ही एवढी पाटी आहे. मुंधिर त्याला नेहमी गाड्यांच्या तळाकडून मागच्या दाराने न्यायचा. टॅक्सीवाल्याने नेमकं समोरच सोडलं. पण औनी खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसला, आणि मी त्याला बोलण्यात गुंतवून आत नेलं. जन्मभर लोकांना पाट्या वाचायला शिकवणारा माणूस, पण आज देवाने त्याची नजर खाली ठेवली.

आत मात्र माझी फजिती झाली. डॉक्टर रम्झी भराभर बोलले. मला 'लिव्हर' कळलं, 'अनफॉर्च्युनेटली' कळलं, म्हणजे दुर्दैवाने, आणि त्यापुढे नुसता आवाज. मी मान हलवत राहिले. त्यांनी काहीतरी विचारलं, मी त्यालाही मान हलवली. देव जाणे कशाला हो म्हणाले.

मुंधिरचा फोन आला. "काय म्हणाले?"

"दुर्दैवाने म्हणाले."

"काय दुर्दैवाने?"

मला सांगता येईना. मी गच्चीवर जाऊन टाकीच्या आडोशाला रडले. मग तोंड धुतलं आणि मिस नुहादकडे गेले. म्हणाले, दहा पुरेसे नाहीत, वीस द्या. आणि तुम्ही भराभर बोला, मी म्हणाले तरी हळू बोलू नका.

शनिवार, ११ ऑक्टोबर

आता बरंच कळायला लागलंय. मिस बातम्या वाचतात तशा वाचतात, मी अरबीतून सांगते. प्रोग्नोसिस, म्हणजे आजार पुढे कसा जाईल याचा अंदाज. रिमिशन, म्हणजे आजाराने माघार घेणं. पॅलिएटिव्ह, म्हणजे बरं करायला नाही, त्रास कमी करायला दिलेलं. हा शब्द तोंडात बसायला दोन दिवस लागले. जिभेला तो अवघड नाही, पण मला तो म्हणावासाच वाटत नव्हता.

मिसनी आज विचारलं, "औनीने निर्णय घ्यायची वेळ आली तर?"

"मुंधिर घेईल. मी डॉक्टरांना सांगेन."

"आणि औनी?"

"त्याला कळलं तर तो खचेल, मिस. तुम्ही माझी मावशी बघितली नाही."

"तुझी मावशी बघितली नाही. औनीने मला गाडी शिकवली, तो बघितला आहे." एवढंच म्हणाल्या आणि पुढचा शब्द दिला. मला राग आला. शिकवणाऱ्याने शिकवावं. पण पुढच्या शब्दाला माझं लक्षच लागेना.

बुधवार, २२ ऑक्टोबर

औनी फार वाळलाय. घट्ट दह्याचं लबने आणि पावाचा घास, बाकी काही जात नाही. भात-मटणाची मक्लूबा केली तर वासानेच उठून गेला. पण गाडीत बसला की ताठ बसतो. आज मी बाजारातून घरापर्यंत पूर्ण चढ चालवत आणली, मधे दोनदा थांबून परत निघाले, गाडी बोटभरसुद्धा मागे गेली नाही. वर पोचल्यावर बघितलं तर त्याचा पाय दुसऱ्या ब्रेकवर नव्हताच. मांडी घालून बसला होता.

"अहो, मी धडकले असते तर?"

"धडकली असतीस तर धडकली असतीस. मी काय दर वेळी असणार आहे?"

आणखी एक खूळ. त्याने गाडी माझ्या नावावर केली. म्हणाला असं केलं की विम्यात फायदा असतो. कागदांतलं त्याला जास्त कळतं, मी सही केली. पाणी सुटायच्या दिवशी टाकीचा कुठला कॉक आधी उघडायचा तेही मला दोनदा दाखवलं. मी म्हटलं, तुम्हीच करता ना ते, मला कशाला? तर म्हणे, मेटिक्युलस माणसाला सगळं माहीत पाहिजे. माझाच शब्द माझ्यावर.

सोमवार, ३ नोव्हेंबर

उद्या डॉक्टर. नव्या तपासण्यांचा निकाल आहे. मुंधिरने फोनवर बजावलं, "काहीही म्हणाले तरी आपण थांबायचं नाही. दुसरं औषध असेल तर दुसरं, तिसरं असेल तर तिसरं. तू म्हण, प्लीज कंटिन्यू द ट्रीटमेंट." मी वाक्य पाठ केलं. त्यातला एकही शब्द अवघड नाही.

औनीने संध्याकाळी सगळे पत्ते विचारले. एकही चुकला नाही. खोटे अर्थसुद्धा मला आता खऱ्याइतकेच पाठ आहेत. पॅलिएटिव्हला मी 'मऊ उशी' म्हणते. त्याने तो पत्ता बराच वेळ हातात धरला आणि म्हणाला, "हा चांगला शब्द आहे."

मंगळवार, ४ नोव्हेंबर

जसं झालं तसं लिहिते.

डॉक्टर रम्झींनी कागद समोर ठेवले आणि माझ्याकडे बघून इंग्रजीत बोलायला लागले. औनी नेहमीसारखा भिंतीकडे बघत होता, टोपी गुडघ्यावर. आणि मला सगळं कळलं. एक शब्द सुटला नाही. आजार वाढलाय. औषधाचा उपयोग झाला नाही. यकृतात पसरलाय, फुप्फुसांतही दिसतोय. आणखी एक औषध आहे, पण त्याने फार काही मिळेल असं वाटत नाही आणि अंगातलं उरलंसुरलं बळ जाईल. किंवा हे सगळं थांबवून घरी ठेवायचं, दुखणं कमी करायचं. मग ते थांबले आणि म्हणाले, निर्णय घरच्यांचा आहे.

मला आधी आनंद झाला. लाज वाटते लिहायला, पण झाला. आपल्याला कळलं, सगळं कळलं, याचा आनंद. क्षणभरच. मग जे कळलं ते अंगावर आलं.

वाक्य तोंडात तयार होतं. प्लीज म्हणून झालंसुद्धा. आणि औनीचा हात दिसला, टोपीवर ठेवलेला, सुयांनी काळानिळा झालेला. हो मी म्हणायचं आणि सुई त्या हाताला. मी एवढे शब्द शिकले, दोन महिने घोकंपट्टी केली, ती कशासाठी? ज्याचं हे सगळं चाललंय त्याच्याच डोक्यावरून बोलायला. मला स्वतःचीच चीड आली.

मी खुर्ची वळवली.

"अबू मुंधिर, डॉक्टर काय म्हणाले ते मी तुम्हाला सांगते."

"मॅडम," डॉक्टर इंग्रजीत म्हणाले, "तुमच्या मुलाने मला स्पष्ट—"

"मुलगा कुवेतला आहे. मी इथे आहे." हे मी इंग्रजीतच म्हणाले. वाक्य कुणी शिकवलेलं नव्हतं.

मग मी त्याला सांगितलं. आपल्या भाषेत, सावकाश. सूज नाही. तो आजार आहे, उन्हाळ्यापासून. मी त्याचं नाव घेतलं. नाव तोंडातून निघालं तेव्हा मला वाटलं आता हा कोसळणार, आणि मी त्याचा दंड धरला.

"बरं," औनी म्हणाला. शिकाऊ माणूस चौकात मधेच अडकला की तो असंच म्हणायचा. "पुढे?"

मी पुढचं सांगितलं. यकृत, फुप्फुसं. नवीन औषध, त्याचा त्रास. घरी राहणं. मला रडू यायला लागलं आणि मी रडत रडत सांगत राहिले, एकही गोष्ट गाळली नाही. त्याने खिशातून इस्त्री केलेला रुमाल काढून माझ्या हातात दिला. कधी रुमाल घेऊन बाहेर न पडणारा माणूस, आज नेमका त्याच्याकडे होता.

मग तो डॉक्टरांकडे वळला. "आता माझ्याशी बोला. नवीन औषध घेतलं तर मला चालता-फिरता येईल का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. अरबीत बोलायला लागले तेव्हा एकदम दुसराच माणूस वाटले, कुणाच्या तरी मुलासारखे. औनीला अम्मो, म्हणजे काका, म्हणाले. "नाही, अम्मो. बहुतेक दिवस पडून जातील."

"आणि नाही घेतलं तर?"

"काही आठवडे बरे जातील. दुखणार नाही हे मी बघेन. त्याचा शब्द देतो."

"मग नको ते औषध," औनी म्हणाला. "घरी राहीन."

एवढंच. मी त्याच्याकडे बघतच राहिले. काय धीराचा माणूस आहे. आम्ही एवढे महिने त्याला घाबरून जपलं, आणि त्याने केवढी बातमी ऐकली, तीही अचानक, तरी आवाजसुद्धा हलला नाही. मावशीसारखा नाही तो. मिस नुहाद बरोबर होत्या, आणि हे त्यांना सांगायला मला जड जाणार आहे.

टॅक्सीत म्हणाला, "छान सांगितलंस. काही सोडलं नाहीस."

"मला वाटलं तुम्ही माझ्यावर रागवाल."

"रागवायचं काय त्यात. शिकलीस ते कामी आलं." मग माझा हात हातात घेतला आणि घरापर्यंत सोडला नाही. टॅक्सीवाला आरशातून बघत होता. बघू दे.

बुधवार, ५ नोव्हेंबर

काल मी मुंधिरचा फोन उचलला नव्हता. आज उचलला.

त्याने डॉक्टरांकडून ऐकलंच होतं. "तू का सांगितलंस, यम्मा? आपलं काय ठरलं होतं? तू त्यांना मारून टाकलंस."

"मारलं नाही. विचारलं."

"मी तुला एवढंच सांगितलं होतं की—"

"तू सांगितलंस ते मी शिकले. त्यापुढचं मी ठरवलं. तुझ्या बापाला काय हवंय ते तुझ्या बापाने सांगितलं, आणि तसंच होणार आहे. तुला यायचं असेल तर रजा काढ."

पलीकडून हुंदका ऐकू आला. औनी सोफ्यावर पडला होता, त्याने हात पुढे केला. मी फोन त्याच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेले. मिरमीयेची वाळलेली पानं घालून चहा टाकला. दार उघडंच होतं.

"रड बाबा, रड. मी आहे फोनवर." गॅसची गाडी गाणं वाजवत खालून गेली. मग औनीचा आवाज, अगदी मऊ. "नाही रे. तिच्यावर ओरडू नकोस. तिने सांगितलं नसतं तर मी तुझ्याशी असं बोललो असतो का?"

मुंधिर काहीतरी विचारत असावा.

"मला? छे. मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. सूज आहे असंच समजून चाललो होतो मी. तू आणि तुझी आई, तुम्ही इतकं छान सांभाळलंत, मला कधी संशयसुद्धा आला नाही. काल तिने सांगितलं तेव्हाच कळलं, वल्ला, शपथ."

मी चहा गाळताना हे ऐकलं आणि फार दिवसांनी मनाला जरा बरं वाटलं. निदान एवढे महिने तरी त्याला निर्धास्त झोपता आलं. आमच्या खटपटीचा तेवढा तरी उपयोग झाला.